सगळ्या दोऱ्या ताईच्या बाकाशी

माझे भावोजी दातांचे डॉक्टर. उघड्या तोंडाच्या माणसांशी गप्पा मारण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे समोरचा उलट बोलू शकतो हे त्यांच्या गावीही नाही. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, लग्न झाल्यापासून त्यांच्याच दवाखान्यात मदतनीस आहे. ते मान न वळवता हात पुढे करतात आणि ताई त्यात हवं ते हत्यार ठेवते. याला ते सुखी संसार म्हणतात.

साठी जवळ आली आणि त्यांनी शिडाची छोटी बोट घेतली. गेल्या मोसमात शीड खाली घ्यायला त्यांनी ताईला पुढे डोलकाठीपाशी पिटाळलं आणि स्वतः मागे सुकाणू धरून सूचना देत बसले. बोट कलली, ताई आपटली, मनगट प्लास्टरमध्ये गेलं. भावोजी भेटेल त्याला सांगत सुटले, "लाटच चुकीच्या बाजूनं आली हो!" ताई एवढंच म्हणाली, "शीड उतरवायला मला पुन्हा जागेवरून उठवलंत, तर बोट विकायची." ताई फार बोलत नाही, पण बोललेलं करते.

भावोजींचं धाबं दणाणलं. मग थंडीभर स्वारी धक्क्यावर. कप्प्या बसवल्या, दोरी घट्ट पकडून धरणारे चाप बसवले. शीड सोडायची पांढरी दोरी, खाली खेचायची लाल आणि झोळी ताणायची पिवळी. झोळी म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना ताणलेल्या दोऱ्या. शीड पडतं ते त्यांच्यातच घडी होऊन बसतं. हे सगळं छतावरून मागे, बसायच्या खोलगट जागेत आणलं. काम खरंच सुबक होतं, खोटं कशाला बोलू?

पहिल्या फेरीला मलाही नेलं. साक्षीदार हवा ना!

"बघ धाकटे," भावोजी सुकाणूशी ऐसपैस बसून म्हणाले, "आता कुणी जागचं हलायचं नाही."

मी पाहिलं. सगळ्या दोऱ्या, झाडून सगळ्या, डाव्या बाकाशी येत होत्या. तिथे ताई बसली होती.

"भावोजी, एकही तुमच्याकडे नाही?"

"मला सुकाणू असतं ना! आणि तिला सवय आहे."

माझं डोकंच फिरलं. थंडीभर खपून या माणसानं बायकोचं काम कमी केलं नव्हतं, ते तिच्या हाताशी आणून ठेवलं होतं. वर उपकार केल्याचा चेहरा! ताई मात्र दोऱ्या नीट न्याहाळत होती.

परतताना वारा वाढला. धक्क्यावर चार टाळकी उभी होती, म्हणून भावोजींना जास्तच चेव आला. त्यांनी मान न वळवता हात पुढे केला.

"पिवळी ताण! मग पांढरी सोड!"

"उठा," ताई म्हणाली.

"काय?"

"इथे या. सुकाणू मी धरते. मला उठवायचं नाही असं ठरलंय, मी आपणहून उठतेय."

भावोजी आले, काय करतात! ताईनं बोटीचं नाक वाऱ्याकडे वळवून असं धरलं की जणू जन्मभर तेच करत होती. बरोबरच आहे, बोट घेतल्यापासून शेजारी बसून तिनं सगळं पाहिलं होतं. भावोजींनी कधी तिच्या बाजूला पाहिलंच नव्हतं. त्यांनी घाईनं पिवळीचा चाप उघडला, झोळी लोंबली. मग पांढरी एकदम सोडली. अख्खं शीड धाडकन त्यांच्या अंगावर आलं, थोडं माझ्याही. धक्क्यावरचे खो खो हसले.

"दोरीच चुकीची आली!" शिडाखालून आवाज आला.

"पिवळी ताणा," ताई म्हणाली. "आता शीड दांड्यावर घ्या. घडी मोठी घाला. आणि बांधायचा पट्टा द्या, हे टोक मी बांधते." आणि मान न वळवता तिनं हात पुढे केला.

भावोजींनी पट्टा मुकाट्यानं त्या हातात ठेवला. मी पाहत राहिले. जन्मात असं काही पाहिलं नव्हतं.

बोट धक्क्याला लागली. त्यांनी चाचरत विचारलं, "मग... विकायची का गं?"

"छे, विकायची कशाला?" ताई म्हणाली. "बोट झकास आहे. मदतनीसच कच्चा आहे, पण होईल हळूहळू तयार."