कपडा लाल का झाला

खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. इमारतीच्या तळमजल्यावरच्या त्या मोठ्या खोलीत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, पुरुष दारात एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून उभे होते आणि मधोमध पाटावर बुवा. त्यांच्यासमोर दोरीला एक ओला, पिवळाजर्द कपडा ताणून बांधला होता.

"माणूस खोटं बोलतो, साक्षीदार खोटं बोलतो!" बुवा गरजले. "हा कपडा खोटं बोलत नाही. जिची नजर लेकरांना लागली, तिचा हात पडला की याला रक्त फुटेल."

आठवड्याभरात इमारतीतली चार मुलं उलट्या आणि तापाने आडवी झाली होती. पहिल्या मजल्यावरच्या शिंपिणीची मुलगी तर सकाळपासून डोळे उघडत नव्हती. डॉक्टरांनी ताबडतोब इस्पितळात न्यायला सांगितलं होतं. बुवा म्हणाले होते, आधी नजर शोधू, नाहीतर औषध उलटेल. म्हणून मुलगी वर अंथरुणावर होती आणि आई इथे, पहिल्या रांगेत.

तिच्या मागेच मेसवाल्या मावशी बसल्या होत्या. सत्तावीस वर्षं मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक केलेली बाई. बुवांना बोलवायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत आधी त्यांनीच मान डोलावली होती.

बुवांच्या चेल्याने येणाऱ्या प्रत्येकीचे हात साध्या पाण्याने धुऊन घेतले होते. एकेक बाई पुढे जायची, कपड्यावर तळवा टेकवायची. पिवळा तो पिवळाच. बाई सुटकेचा श्वास टाकत परतायची.

इतक्यात मावशींची सून दारात आली. इस्पितळाच्या धुलाईखान्यातली पाळी संपवून ती थेट इथेच आली होती. बादलीकडे वळली, तसा चेला आडवा आला.

"तू हात धुवायचे नाहीस."

"का? बाकीच्यांनी धुतले की."

"चोर आधी हात धुतो," बुवा हसले. खोलीही हसली.

सुनेने सासूकडे पाहिलं. मावशींनी तिचा हात धरून पुढे आणलं. "लाव गं. आपल्या मनात काही नाही तर भ्यायचं कशाला?"

सुनेने तळवा टेकवला. उचलला. कपड्यावर पाच बोटं लालभडक उमटली होती.

 एकच कालवा उठला. कुणीतरी दाराला आतून कडी घातली. शिंपिणीने सुनेचा दंड पकडला. "माझ्या पोरीने काय घोडं मारलं होतं तुझं?"

"आत्या, सांगा ना यांना!" सून सासूकडे बघत ओरडली.

मावशींनी तिचा हात सोडून दिला होता. आपण कधी सोडला ते त्यांनाही कळलं नाही.

त्या सात वर्षांच्या असताना असाच एक कपडा त्यांच्या थोरल्या काकूच्या हाताखाली लाल झाला होता. काकू एका गाठोड्यानिशी घराबाहेर गेली, पुन्हा कधी दिसली नाही. आई म्हणाली होती, कपडा खोटं बोलत नाही. आईने सांगितलं, मावशींनी मानलं. पुढे आपल्या मुलालाही तीच गोष्ट सांगून झोपवलं.

पण आता कपडा हातभर अंतरावर होता. आणि तो रंग रक्ताचा नव्हता. जरासा विटकरी, कडेला केशरी. हा रंग मावशींनी सत्तावीस वर्षं पाहिला होता. स्वयंपाकाच्या कपड्यांवरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की हाच रंग यायचा. सून दिवसभर सोड्यात चादरी बुडवत होती. आणि काकू? काकू चार घरचं धुणं धुवायची.

मावशी शिंपिणीकडे वळल्या.

"सोड तिला," त्या म्हणाल्या. कोपऱ्यातल्या मोरीवर कपडे धुण्याच्या साबणाची वडी पडली होती. ती हाताला चोळून त्यांनी कपड्यावर तळवा मारला. लाल!

"बघा, बघा!" बुवा किंचाळले. "सासूही तसलीच! अख्खं घर नासलंय!"

दोन पुरुष पुढे सरसावले. मावशी शिंपिणीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि वडी तिच्यापुढे धरली.

"तू लाव. तुझी नजर तर तुझ्या पोरीला लागली नाही ना?"

"मी कशाला?"

"वर पोरगी तापाने फणफणलीय. वेळ घालवू नकोस. लाव."

शिंपिणीने साबण चोळला. तिचा तळवाही लाल उमटला. ती आपल्या हाताकडे बघतच राहिली.

"हळद आहे ती," मावशी म्हणाल्या. "हळदीला साबण, सोडा, चुना, काहीही लागलं की ती लाल होते. घरात रोज बघतो आपण. लिंबू पिळा, परत पिवळी होईल."

कुणीतरी बुवांच्या पूजेच्या ताटातलं लिंबू उचलून पिळलं. ठसा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळा पडत गेला.

"हा चेला परवा जिन्यात मला विचारत होता, कोण कुठे कामाला जातं म्हणून," मागून एक बाई हळूच बोलली.

बुवांनी काढता पाय घ्यायला पाहिलं, पण कडी घातलेल्या दारापाशी तेच पुरुष उभे होते. पोलीस येईपर्यंत ती कडी उघडली फक्त मुलीला इस्पितळात न्यायला निघालेल्या शिंपिणीसाठी. मुलगी सलाईनवर आठ दिवस राहिली आणि वाचली. गच्चीवरच्या टाकीत मेलेलं कबूतर सापडलं. चारही मुलं तेच पाणी पीत होती.

बुवांना पकडलं त्या संध्याकाळी सुनेने घरी येऊन आधी हात धुतले. मग म्हणाली, "तुम्ही माझा हात सोडला होता."

"हो."

"साबण आठवला नसता तर?"

मावशींना खोटं बोलता आलं असतं. "तर तुला बाहेर काढणाऱ्यांत मी असते," त्या म्हणाल्या. "त्या खोलीतल्या प्रत्येकीने हळदीचा डाग लाल होताना पाहिलाय. एकीलाही आठवलं नाही. अशा जागी डोकं चालवायचं नसतं, हे आम्ही लहानपणीच शिकलो. मला शिकवणारी माझी आईच होती गं, तिच्यावर संशय कसा घेणार?"

"आईवर संशय घेऊ नका," सून म्हणाली. "पण तिने सांगितलेलं एकदा तपासून बघा. आधी कपडा का लाल झाला ते विचारा, मग माणसाकडे बोट दाखवा."