काचेच्या कापडातली होडी

मी होडी बोलतेय, जपानच्या ओकिनावा बेटाच्या किनाऱ्यावरची, देवदाराची. झोपेत बोलल्यासारखं वाटेल. हल्ली भरतीचा आवाज आला की माझा डोळा लागतो.

मला झेन्कोनं घडवलं तेव्हा तो तिशीत होता. दर साल शार्कचं तेल चोळायचा. काय तो वास, बाई! पण त्या तेलानं पाणी आत शिरत नसे आणि लाकूड श्वास घेई.

त्याची लेक तोमोए फायबरच्या होड्या बांधायला शिकली. बापाची होडी अमर करायचं तिनं मनावर घेतलं. होड्यांची शर्यत तोंडावर आलेली. मी पुरती सुकलेही नव्हते, तोवर तिनं माझ्यावर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरून वर चिकट रेझिन चोपडलं. "बाबा, आता शंभर वर्षं बघायला नको!" झकपक दिसत होते मी, खोटं कशाला बोलू? ओल मात्र आतच राहिली.

झेन्कोला सत्त्याण्णवावं लागलं. या वयात माणूस पुन्हा मूल होतो असं आमच्याकडे मानतात, म्हणून मोटारीला कागदी भिरभिरी लावून त्याला गावभर मिरवतात. "मोटारीतून नाही, मी हिच्यातूनच मिरवणार," म्हातारा हटून बसला. चार वर्षं लेकीनं त्याला समुद्रावर जाऊ दिलं नव्हतं.

त्याच सुमारास डेन्मार्कची इंगेर दीर्घायुष्याचा अभ्यास करायला आली.

"आजोबा, रोज काय खाता?"

"लेकीची बोलणी. दोन्ही वेळा, पोटभर."

इंगेरनं तेही लिहून घेतलं.

मग झेन्को इंगेरचा हात धरून माझ्यापाशी आला, मागोमाग तोमोएही. बोटानं टकटक केलं. बद्द आवाज आला.

तोमोएचा चेहरा उतरला. "चूक माझी, बाबा. ओलं लाकूड बंद केलं मी. आतून कुजली ती."

"जीव लावलास म्हणूनच झाकलंस ना? मलाही तसंच कोंडलंस, पोरी."

ती माझ्या काठावर डोकं टेकून रडली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. माझ्या पाठीवर मेण घासून साचा उतरवला आणि त्यातून फायबरची नवी होडी काढली. माझ्याच अंगाचा बाक, पुढची निमुळती नाळही माझीच. मिरवणुकीच्या दिवशी तिच्यावर भिरभिरी गरगरत होती आणि वल्हं झेन्कोच्या हातात होतं.

"बाबा, लांब जाऊ नका!" तोमोए किनाऱ्यावरून ओरडली. थोडी थांबली. "बरं, जा!"

माझी काचेची कातडी तिनं सोलून काढली. आता मी रेतीवर उपडी पडून असते. किती दिवस टिकेन, कोण जाणे. संध्याकाळी झेन्को समुद्रावरून भिजून येतो आणि शेजारी बसून मला तेल चोळतो. एवढंच मागणं आहे, मला पुन्हा झाकू नका. वारा लागतोय, बरं वाटतंय. तेलाचा वास येतो, तो येऊ दे.