वजा दोनशे

"आठवून सांगा बरं, नक्की कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं.

तिने आईकडे पाहिलं. आई पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती, अगदी मुलाखतीला आल्यासारखी. मघाशी आज वार कोणता असं विचारल्यावर, "का, तुम्हाला नाही माहीत?" असं उलट विचारून तिने वेळ मारून नेली होती.

"दीड वर्ष झालं असेल."

"असेल नको. काहीतरी लेखी आणा. या नव्या औषधाचे रुग्णांवर प्रयोग पाच वर्षं चालू आहेत, पण आजार सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दिलं तरच. नंतर उपयोग नाही, उलट मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. एकच जागा उरलीये. शुक्रवारपर्यंत धरून ठेवते."

लेखी! तिचा जीव भांड्यात पडला. कुठल्या लेकीकडे नसेल असा पुरावा तिच्याकडे होता.

अकरा वर्षं ती संगणकीय मानसशास्त्राच्या विभागात संशोधन सहायक होती. पद ऐकायला भारदस्त. काम असं, की पडद्यावर गोल आला की माणसाने डावी कळ दाबायची, चौकोन आला की उजवी. दाबायला किती मिलिसेकंद लागले ते मोजायचं आणि त्या आकड्यांवरून डोक्यात काय चाललंय याचं गणित मांडायचं. छापून यायचं सरांचं नाव. हिचं आभारांच्या यादीत, तेही दोनदा चुकीचं.

प्रयोग लोकांपुढे ठेवण्याआधी कुणावर तरी चालवून बघावा लागतो. ते हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे आई. महिन्याचा पहिला रविवार, जेवणाचं टेबल, जुना लॅपटॉप. आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. बोटांचा तिला भारी तोरा.

"किती आले?"

"चारशे दहा."

"तुमच्या त्या कॉलेजच्या पोरांचे?"

"साडेचारशे."

"बघ!" मग दिवसभर स्वारी खूश.

या चाचणीच्या फाइली मोजणीत धरायच्या नाहीत, असा नियम. तिने त्या धरल्या नाहीत, पण पुसल्याही नाहीत. आईचे रविवार पुसवतात होय?

विभागात येऊन तिने चपला काढायच्याही आधी संगणक सुरू केला. एकशे अठ्ठावीस फाइली. आकड्यांची रेघ कुठे वाकते ते शोधणारा प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला. तो चालवला. रेघ साडेनऊ वर्षं सरळ आणि बरोबर दीड वर्षापूर्वी वाकलेली. "आहे!" ती एकटीच ओरडली. कागद छापायला टाकला.

आणि मग सवयीने, निव्वळ सवयीने, तिने मूळ आकडे तपासायला घेतले. चार वर्षांपूर्वीच्या एका फाइलपासून पुढे प्रत्येक आकड्यातून दोनशे वजा होत होते. लॅपटॉपवरच्या चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये वजाबाकीची ती ओळ तिनेच लिहिली होती.

आठवलं. त्या रविवारी आईचे सहाशे आले होते. "मी नाही गं, तुझं यंत्रच डुलक्या काढतंय," आई म्हणाली होती, आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या. लॅपटॉप जुनाच होता. पुढचे तीन दिवस ती त्याच्या मागे लागली, काही सापडेना, तेव्हा त्याचा उशीर म्हणून तिने दोनशे वजा करून टाकले. आई पुन्हा चारशेवर आली. विषय संपला.

लॅपटॉपला काही झालं नव्हतं. जगभरच्या माणसांची मनं मोजणारी बाई ती, आणि समोर बसलेल्या आईचं मन तिने यंत्राच्या खात्यावर टाकलं होतं. चार वर्षं! तेव्हाच कळतं तर औषध मिळालं असतं.

दोनशे परत मिळवून तिने प्रोग्रॅम पुन्हा चालवला. रेघ चार वर्षांपूर्वीच वाकलेली. मागून सर डोकावले.

"हे कोण गिऱ्हाईक? फारच घसरलंय. वगळून टाका, सरासरी बिघडेल."

"वगळलेलंच आहे, सर," ती म्हणाली आणि तोंड धुवायला बाहेर गेली.

शुक्रवारी तिच्या पिशवीत दोन कागद होते. वरचा वजाबाकीचा, दीड वर्ष दाखवणारा; खालचा खरा. तोच द्यायचा, तिने ठरवलं होतं. रक्तस्राव सगळ्यांनाच थोडाच होतो? काहीच न करता हिला रोज थोडी थोडी जाताना बघायचं, त्यापेक्षा खोटं परवडलं. दवाखान्याच्या बाकावर बसून ती हेच स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती. आईने पिशवीतून कागद ओढले, नेमका खालचा.

"माझे आकडे का गं?"

"हो."

आकड्यांवर आईचं बोट फिरत राहिलं. आकडे अजून तिला सोडून गेले नव्हते. सहाशेपाशी ते थांबलं.

"तुझ्या यंत्राला नावं ठेवली होती मी. खोटं बोलले. बोटच उठेना. एक्स्चेंजमध्ये असं झालं की मुकाट्याने उठवून दुसरीला बसवायचे." ती जराशी हसली. "म्हटलं, तू तरी मला उठवू नयेस."

आतून आईचं नाव पुकारलं गेलं.

तिने खालचा कागद दिला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला. "चार वर्षं," त्या हळूच म्हणाल्या. पुढ्यातला औषधाचा फॉर्म त्यांनी परत खणात ठेवला आणि आईच्या हातावर हात ठेवला. आई म्हणाली, "घाई आहे का तुम्हाला? आम्ही बसतो."

पहिल्या रविवारी आई आपणहून टेबलाशी येऊन बसली. लेकीचं नाव तिला सकाळपासून सापडत नव्हतं, खुर्ची मात्र बरोबर सापडली. लेकीने लॅपटॉप उघडला, चाचणीच्या प्रोग्रॅममधली वजाबाकीची ती ओळ खोडली आणि चाचणी सुरू केली.

गोल आला. आईचं बोट कळेवर थांबून राहिलं, मग तिने कळ दाबली.

"किती आले?"

"एक हजार नऊशे चाळीस."

"आणि पोरांचे?"

"पोरं आज आलीच नाहीत, आई. तू एकटीच आहेस."

"मग पहिलीच की मी," आई म्हणाली आणि पुढच्या गोलाची वाट बघत पाठ ताठ करून बसली.