गाऱ्हाण्याचा मान

"टीआर थ्री म्हणजे थर्ड स्टेज, गुणाकाका," निलेशने रिपोर्टची घडी घातली. "गळ्याचं ऑपरेशन म्हणजे आवाज पण जातो कधी कधी."

निलेश आमच्या दहिसरच्या चाळीतलाच, मेडिकलच्या दुकानात कामाला. रिपोर्ट वाचणारा आमच्याकडे दुसरा कोण? मी सोसायट्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करतो. वाकून वाकून मान धरली, हाताला मुंग्या यायला लागल्या, म्हणून मानेचा एमआरआय काढला. मानेचं राहिलं बाजूला, थायरॉइडमध्ये गाठ निघाली. मग सोनोग्राफी, आणि त्या कागदावर हे टीआर थ्री.

"मेल्या, गोळ्या विकतंस तू, डॉक्टर कधी झालंस?" आमची विमला त्याच्यावर खेकसली. नंतर मोरीत जाऊन रडली पण तीच.

मला ना शिक्षण, ना कसलं पद. पण मंडळाच्या पूजेला देवापुढे नारळ धरून गाऱ्हाणं मी घालतो. बत्तीस वर्षं. अख्ख्या चाळीच्या वतीने मागायचं, ते काय तोंडातल्या तोंडात मागून चालत नाही. उद्या आवाज गेल्यावर कोणी कीव करून हा मान काढून घेणार, त्यापेक्षा आपणच दिलेलं बरं. रविवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नारळ निलेशच्या हातात ठेवला.

"काका, मला नाय जमणार."

"जमतं रे. पोटातून बोलायचं, बस."

गुरुवारी बोरिवलीला डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला, गळा चाचपला.

"थर्ड स्टेज कोणी सांगितलं? काका, गाठ दिसते कशी त्याचा हा नंबर आहे. तीन म्हणजे संशय थोडासाच. अशा शंभर गाठींत पाच पण कॅन्सरच्या निघत नाहीत. तुमची दीड सेंटीमीटरची. अडीचची असती तर सुई घालून तपासली असती. वर्षाने परत सोनोग्राफी करा."

"आणि ऑपरेशन?"

"कशाला?"

"म्हणजे नक्की काय नाय ना?"

"नक्की असं मी म्हणणार नाही. लक्ष ठेवायचं."

रिक्षात विमला आधी डोळे पुसत होती, मग हसायलाच लागली. "मान दाखवूक गेलंस, नि मान देऊन इलंस! आता जा, घे परत."

"दिलेला नारळ परत मागतात काय गं?"

पूजेच्या दिवशी निलेश देवापुढे उभा राहिला. तिसऱ्या मागण्याला त्याने माझं नाव घेतलं.

"आमच्या गुणाकाकांच्या गळ्यात जी काय पीडा असात, ती दूर कर रे म्हाराजा!"

विमलाने मला कोपर मारलं. मी दाराशी, चपलांच्या बाजूला उभा होतो. सगळ्यांबरोबर मी पण पोटातून म्हटलं, "व्हय म्हाराजा."

पुढच्या दोघातिघांनी मागे वळून बघितलं.