दहापैकी नऊची शाळा

रसेल हा माझ्या बहिणीचा घटस्फोटित नवरा. त्यांच्या मुलाच्या, एमेटच्या, शाळेचं दार त्याने आजवर पाहिलं असेल, तर गाडीत बसून, हॉर्न वाजवत. अशा माणसाला एकाएकी पोराच्या शिक्षणाची काळजी वाटायला लागली, तेव्हाच काहीतरी शिजतंय हे आम्ही ओळखायला हवं होतं.

त्या रविवारी संध्याकाळी तो एमेटला सोडायला आला आणि परत न जाता दारातच रेंगाळला. माझी बहीण जॅनीन ओव्हनमधून मॅकरोनीचं भांडं काढत होती. मी जिन्याच्या पायरीवर बसून बूट घालत होते. माझा स्वतःचा संसार मोडल्यापासून मी बहिणीच्या घरी वरच्या खोलीत राहते, त्यामुळे या दोघांची भांडणं मला फुकटात ऐकायला मिळतात.

"मी ब्रायरहर्स्टला घर बघतोय," रसेल म्हणाला.

"बघ की. मी काय करू, नाचू?"

"ब्रायरहर्स्टच्या शाळांना दहापैकी नऊ गुण आहेत. तुझ्या टॅलबर्टला चार. मी जजला एवढंच विचारणार आहे, की नऊची शाळा मिळत असताना माझ्या पोराने चारच्या शाळेत का कुजायचं?"

जॅनीनने भांडं ओट्यावर आदळलं. "तुझ्या पोराच्या वर्गशिक्षकाचं नाव सांग. सांग ना. चल, पहिलं अक्षर सांग."

"विषय बदलू नकोस."

"विषय तोच आहे, गाढवा."

एमेट आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवत होता. नऊ वर्षांचं पोर, पण कधी आवाज वाढवायचा हे त्याला बरोबर कळतं.

आमच्या ओहायोत मूल कुठल्या सरकारी शाळेत जाणार हे घर कुणाच्या शाळा-हद्दीत येतं त्यावर ठरतं. आईबाप वेगळे झाले असले, तर कोर्ट शाळेसाठी दोघांपैकी एकाचा पत्ता धरतं आणि शाळेचे दिवस मूल त्याच्याकडे राहतं. एमेटसाठी पत्ता जॅनीनचा धरला होता. रसेल तेव्हा पाऊण तासावर भावाच्या तळघरात राहायचा, त्यामुळे त्याच्या वाट्याला एकाआड एक शनिवार-रविवार आले होते. आता तो पत्ताच त्याला स्वतःच्या नावावर करून घ्यायचा होता. म्हणजे सोमवार ते शुक्रवार पोर त्याच्याकडे, आणि जॅनीनकडे उरलेसुरले शनिवार-रविवार.

त्या गुणांविषयी मला बोलायला लावू नका. कुठल्याशा वेबसाइटवर गावाचं नाव टाकलं की आकडा येतो, आणि आमचे लोक फ्रिज निवडावा तसं त्यावरून गाव निवडतात. आमच्या गल्लीतली तीन कुटुंबं अशीच ब्रायरहर्स्टला पळाली. आता दुकानात भेटली की मान वाकडी करून विचारतात, "तुम्ही अजून तिथेच?" जणू आमच्या घराला महारोग झालाय. टॅलबर्टच्या शाळेत निम्मी मुलं नुकती इंग्रजी शिकतायत, त्यांचे मार्कही त्याच आकड्यात धरतात, हे कुणी बोलत नाही. आमच्या एमेटला दुसरीपर्यंत वाचता येत नव्हतं. अक्षरं हलतात म्हणायचा. त्याच चार गुणांच्या शाळेतले ॲबरनॅथी सर स्वतःचा डबा बाजूला ठेवून रोज जेवणाच्या सुट्टीत त्याला घेऊन बसले. आता तो नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यावरची बारीक अक्षरंसुद्धा मोठ्याने वाचून आमचं डोकं उठवतो. याचे गुण त्या वेबसाइटवर कुठे आहेत?

आणि रसेल त्या काळात काय म्हणाला होता? "हे मंदपण तुझ्याकडून आलंय." पोराच्या समोर म्हणाला होता. जॅनीन ते विसरलेली नाही. मीही नाही.

खर्च परवडेना म्हणून जॅनीनने वकील कधीच सोडला होता. रसेलने कोर्टात अर्ज टाकला, तेव्हा त्याला उत्तर तिने स्वतः लिहिलं. मी तिला म्हटलं, "तो पोराचं दम्याचं औषध विसरतो ते लिही. शनिवारी त्याला भावाकडे टाकून बोलिंगला जातो ते लिही."

"ते सगळं सिद्ध करावं लागतं, नोरीन. मी एकच मुद्दा धरणार. पोराची शाळा बदलू नका, बस्स. ॲबरनॅथी सरांचं पत्र आहे, प्रगती दिसतेय. त्याच्यावर कोण काय बोलणार?"

पहिल्या तारखेला जजबाईंनी रसेलला फटकारलं, की घर नाही, पत्ता नाही, नुसत्या गप्पा घेऊन कोर्टात येऊ नका. आधी राहायला जा, मग बोला. झालं, तो हात धुऊन घरांच्या मागे लागला. एक दिवस त्याने जॅनीनला फोनवर फोटो पाठवला. पांढरं घर, हिरवी दारं, आणि खाली लिहिलेलं, "ब्रायरहर्स्ट. एमेटची खोली डावीकडची." तिचा चेहरा असा पडला, की मी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"रविवारी ते घर सगळ्यांना बघायला उघडं आहे," ती रात्रीच्या जेवणाला म्हणाली. "आपण जाऊ."

"कशाला? जखमेवर मीठ चोळून घ्यायला?"

"मला बघायचंय तो माझ्या पोराला कुठल्या भोकात नेऊन ठेवणार आहे ते."

घर काही भोक नव्हतं. चांगलं होतं, आणि त्यामुळेच आम्हाला जास्त राग आला. घर विकणारी एजंट बाई ताज्या कुकीजची थाळी धरून हसत उभी होती. जॅनीनने भोळा चेहरा करून विचारलं, "इथली शाळा कशी आहे हो?"

बाईचं हसू जागच्या जागी गोठलं. "शाळांबद्दल आम्हाला बोलता येत नाही, मॅडम. चौकशी तुम्ही स्वतःच करायची."

हे सगळेच एजंट म्हणतात. शाळा चांगली म्हणताना शेजारी कुठल्या वंशाचे लोक राहतात हे आडून सांगितलं जातं आणि ते कायद्यात बसत नाही, म्हणून ते जपून असतात. ऐकणाराही ते वाक्य विमानातल्या पट्ट्याच्या सूचनेसारखं कानाआड करतो. रसेलने तर नक्कीच केलं असणार. त्याने गावाचं नाव वाचलं, नऊ हा आकडा वाचला, आणि त्याच्या मते चौकशी संपली.

आम्ही बाहेर आलो. गाडीकडे जाताना जॅनीन मध्येच थांबली.

"नोरीन, ते बघ."

शेजारच्या हिरवळीवर एक लाल पाटी खोचलेली होती. मुलं कुठल्या संघात आहेत ते दाखवायला लोक अंगणात लावतात ना, तसली. तिच्यावर लिहिलं होतं, 'आमची हेझल वाजवते टॅलबर्ट हायस्कूलच्या बँडमध्ये.' पलीकडच्या घरापुढे दुसरी लाल पाटी होती, टॅलबर्टच्या कुस्तीची. समोर तिसरी. ब्रायरहर्स्टचा निळा रंग अख्ख्या गल्लीत औषधालाही नव्हता.

एक म्हातारा पानं गोळा करत होता. जॅनीनने त्याला गाठलं. "इथली मुलं टॅलबर्टला जातात?"

"मग कुठे जाणार? पत्रं ब्रायरहर्स्टच्या पोस्टातून येतात, म्हणून पत्त्यात ब्रायरहर्स्ट. शाळेची हद्द टॅलबर्टची." तो खराट्यावर रेलून हसला. "दरवर्षी कुणीतरी हुशार माणूस इथे घर घेतो आणि ऑगस्टमध्ये बोंबलत फिरतो."

गाडीत बसल्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. मी खोटं कशाला बोलू, मला फार म्हणजे फारच आनंद झाला. उंटावरचा शहाणा, दहापैकी नऊ शोधत फिरला आणि थेट चारच्या मांडीवर जाऊन बसला! टॅलबर्टला प्राथमिक शाळा एकच आहे. म्हणजे एमेट तिथून जाणार तो त्याच शाळेत, त्याच ॲबरनॅथी सरांकडे.

हसू ओसरल्यावर मी म्हटलं, "आता त्याला सांगून टाक. भांडण आजच मिटेल."

"सांगू? त्याला?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच जणू रसेल आहे. "मुळीच नाही. करू दे सही. होऊ दे जन्माचा धडा. मी हे कोर्टात सांगणार, त्याच्या तोंडावर, जजच्या समोर."

"मग निदान कुणा वकिलाला तरी विचार."

"वकील मला काय सांगणार? पाटी वाचायला मला वकील लागत नाही. आणि तू मध्ये तोंड घालायचं नाहीस, नोरीन. माझ्या घरात राहतेस ना? मग गप्प राहा."

हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं. मी गप्प राहिले, पण ते तिच्यावरच्या प्रेमाने नव्हे, रागाने.

दोन दिवसांनी रसेलचा फोन आला. जॅनीनने स्पीकर लावला. "उद्या सह्या आहेत," तो म्हणाला. आवाजातून शेखी नुसती गळत होती. "म्हटलं तुला कळवावं, म्हणजे कोर्टात धक्का बसायला नको. एमेटला ब्रायरहर्स्टचा निळा टीशर्ट पण घेतलाय."

मी डोळ्यांनी तिला खुणावलं. सांग. एक वाक्य पुरे होतं.

"छान," जॅनीन गोड आवाजात म्हणाली. "एक साइझ मोठाच घे. वाढत्या अंगाचा आहे."

कोर्टाच्या दिवशी तिने निळा कोट घातला, केस बांधले, ओठ रंगवले. लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती. रसेल टाय लावून आला होता. त्याने जजबाईंपुढे नवीन घराबद्दल, मुलाच्या खोलीबद्दल, अंगणाबद्दल लांबलचक भाषण केलं. मग नऊ आणि चार. बोलताना 'चार' हा शब्द तो नाक मुरडून उच्चारत होता.

"मॅडम, तुमचं म्हणणं?" जजबाईंनी विचारलं.

जॅनीन उभी राहिली. "युवर ऑनर, यांनी घेतलेलं घर ब्रायरहर्स्टच्या शाळा-हद्दीत नाहीच. ते टॅलबर्टमध्ये आहे. वाटल्यास आत्ता बघून घ्या. यांना स्वतःच्या घराची शाळा कुठली ते माहीत नाही, आणि हे पोराच्या शिक्षणाची काळजी करतायत!"

रसेलचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी हसला, मग हसू तोंडावरच वाळलं. कारकुनाने पडद्यावर शोधलं आणि मान हलवली. टॅलबर्ट. मी मागच्या बाकावर बसून मनात टाळ्या वाजवत होते.

जजबाईंनी चष्मा काढला. "साहेब, मी तुम्हाला स्पष्टच सांगते. शेजारच्या शाळेला गुण जास्त आहेत एवढ्यासाठी मी चांगल्या चाललेल्या मुलाला त्याच्या शाळेतून उपटत नाही. तुमचं घर खरोखर ब्रायरहर्स्टच्या हद्दीत असतं, तर हा अर्ज मी आज फेटाळला असता."

जॅनीनने वळून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं.

"पण आता प्रश्न निराळा आहे," जजबाई पुढे म्हणाल्या. "दोन्ही घरं एकाच हद्दीत आहेत. शाळा एक, शिक्षक एक. गाडीने किती लांब आहे? दहा मिनिटं? मॅडम, तुमच्या उत्तरात हरकत एकच होती, की मुलाची शाळा बदलू नये. ती बदलत नाही, असं तुम्हीच आत्ता मला सांगितलंत. वडिलांच्या घराबद्दल किंवा वागण्याबद्दल तुमची दुसरी काही तक्रार इथे नाही. मग मुलाने वडिलांकडे निम्मा वेळ का राहू नये?"

"तो त्याचं औषध विसरतो," जॅनीन म्हणाली.

"हे तुमच्या उत्तरात नाही."

"मी... मला वाटलं..."

"एक आठवडा आईकडे, एक आठवडा वडिलांकडे. येत्या सोमवारपासून."

बाहेर कॉरिडॉरमध्ये रसेलने आम्हाला गाठलं. मला वाटलं होतं तो नाचेल. तो नाचला नाही, पण त्यामुळे मला जास्तच चीड आली.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

जॅनीन कोटाची बटणं लावायला लागली. मीच म्हटलं, "तुझ्या सह्यांच्या आधीपासून."

"फोनवर बोललीस तेव्हापण?" तो तिच्याकडे वळला. "एक शब्द बोलली असतीस, तर मी ते घर घेतलंच नसतं. खरं ब्रायरहर्स्ट शोधलं असतं, आणि आज इथून हात हलवत गेलो असतो." मग टाय सैल करत म्हणाला, "तू मला पाण्यात बघतेस हे माहीत होतं गं. पण इतकं?"

"तू त्याला मंद म्हणाला होतास," जॅनीन म्हणाली.

"हो, म्हणालो होतो. सोमवारी शाळा सुटली की मीच घेईन त्याला. औषध कुठलं आणि कधी द्यायचं ते लिहून पाठव."

घरी परत येताना गाडीत 'मी म्हटलं होतं' हे शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होते. मी ते गिळले, आणि या खेपेला खरंच तिच्यासाठी गिळले.

एमेट शाळेतून आला. जॅनीनने त्याला स्वयंपाकघरात समोर बसवलं, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि जड तोंडाने सगळं सांगितलं. एक आठवडा इथे, एक आठवडा बाबाच्या नवीन घरी.

तो नीट ऐकत होता. "आणि शाळा? ॲबरनॅथी सर?"

"शाळा तीच, बाळा. सर तेच."

"मग ठीक आहे की," एमेट म्हणाला. त्याचा जीव खरंच भांड्यात पडला होता, चेहऱ्यावर दिसत होतं. "तू तेच तर म्हणत होतीस ना, की शाळा बदलायला नको? मग रडतेस कशाला?"

त्याने हात सोडवून घेतले, फ्रिजमधलं दूध काढलं आणि टीव्ही लावला. जॅनीनने डोळे पुसले. मग ती त्याच्या खोलीत गेली आणि त्याचे कपडे दोन ढिगांत वेगळे करायला लागली.