साबुदाण्याची साखर

उपासाच्या बाबतीत इंदुबाईंना शिकवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. संकष्टी म्हणू नका, एकादशी म्हणू नका, श्रावणातले सोमवार तर हातचा मळ. त्यामुळे "आई, उद्या रक्त द्यायला उपाशीपोटी जायचंय हां," असं सुनेनं, शलाकानं, बजावलं तेव्हा त्यांना हसूच आलं.

खरवईतल्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांची रक्ततपासणी होती. इंदुबाईंना हल्ली सारखी तहान लागायची, तळपायांना मुंग्या यायच्या. त्या बोलत नसत, पण शलाकाच्या नजरेतून काही सुटत नसे. शुगर निघाली तर काय, या धास्तीनं इंदुबाईंची झोप उडाली होती.

सकाळी शलाका उठायच्या आत त्यांनी अंघोळ केली, खिचडी केली, पोटभर खाल्ली, वर एक केळं खाल्लं आणि मग तिच्याबरोबर जाऊन रांगेत पहिला नंबर लावला.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. शुगर दोनशे दहा! शलाका हबकलीच.

"आई, नक्की उपाशी होतात ना?"

"मंग? भाताचं शीत नाय घेतला तोंडात. निस्ती साबुदान्याची खिचडी."

शलाका हसून हसून खाली बसली. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं. खालची उमा तर जिन्यात अडवून विचारू लागली, "काकी, एक्स-रेला वरीचा भात चालतो का हो?"

इंदुबाईंना राग आला नाही. उलट जीव भांड्यात पडला. "ती शुगर माजी नाय गो, साबुदान्याची हाय. आता परत सुई कशाला?" आठवडाभर हेच पालुपद. शलाकाही खमकी. "असेल ना साबुदाण्याची. मग त्याच्याशिवाय एकदा बघू," म्हणत ती मंगळवारी सुट्टी टाकून सासूला लॅबमध्ये घेऊनच गेली. या खेपेला पोटात फक्त पाणी होतं.

शुगर एकशे अठ्ठेचाळीस आली. आता दोष द्यायला साबुदाणाही नव्हता.

"वेळेवर सापडलंय," रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी घ्या, रोज चाला, आटोक्यात राहील."

दवाखान्याबाहेरच्या बाकावर इंदुबाई टेकल्या. शलाका शेजारी बसली. इंदुबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"माजे आयशीची शुगर आमाला तिचे डोले गेल्यावर कलली. तिला एकदा पन कोनी नेली नाय गो," त्या म्हणाल्या. "तू मना दोनदा आनलीस."