जालन्याचं कोणी नाही

रविवारी दुपारी अर्पिता भोकरदनला माहेरी आली तेव्हा तिचे वडील, नाना, ओसरीत खुर्चीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते आणि आई, गिरिजाबाई, खाली बसून शेंगा फोडत होती. तिला बघताच नानांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बरं झालं आलीस. हे बघ, वेबसाइटची जागा ज्या कंपनीकडून घेतली, ती म्हणते रोज दोनशे जण येऊन राह्यले. हे दुसरं म्हणतं पंधरा. दोघं एकाच दारात बसलेत ना? मंग एक जण झोपला का?"

कृषी सहायकाची नोकरी संपल्यावर नानांनी मोसंबीच्या बागेबद्दल लिहायला सुरुवात केली होती. पाणी तोडून झाडाला ताण किती द्यायचा, फळगळ कशानं होते, बुरशी लागू नये म्हणून खोडाला बोर्डो पेस्ट कधी लावायची, असं काहीतरी दर बुधवारी. वेबसाइट अर्पितानंच बनवून दिली होती. जालन्यात मस्तगडला तिचं ऑफिस होतं, दुकानदारांच्या वेबसाइट बनवायचं.

"झोपलेलं कोणी नाही, नाना. मोजायची रीत वेगळी आहे. पहिला दारावरची प्रत्येक थाप मोजतो. सर्च इंजिनची यंत्रं दिवसरात्र पानं चाळत फिरतात, त्यांचीसुद्धा. दुसरा पानाबरोबर एक छोटासा प्रोग्राम पाठवतो. तो वाचणाऱ्याच्या फोनवर चालला, तरच माणूस आला म्हणतो. रेंज तुटली, किंवा कोणी त्याला अडवणारं काही टाकून ठेवलं असलं, की माणूस वाचून जातो आणि याला पत्ताच नसतो."

"आन् मी फोनवर बी बघतो, याच्यावर बी बघतो, ते?"

"मग तुम्ही दोन."

"एक सांभाळता सांभाळता माझा जीव चालला," आई शेंगांतून डोकं वर न काढता म्हणाली, "अन् आता हे दोन झाले."

नाना हसले. मग त्यांनी दुसऱ्यानं दिलेली वाचणाऱ्यांच्या गावांची नावं दाखवली. सगळ्यात वर मुंबई होती. "मुंबईवाले काय गॅलरीत मोसंबी लावून राह्यले का?"

"फोन कंपनीची लाइन तिकडून निघते. राजूरचा माणूसही मुंबईचा दिसतो."

"असं होय." त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "जालन्याचं कोणी हाय का बघ बरं."

अर्पितानं पाहिलं. नव्हतं. का नव्हतं, तेही तिला माहीत होतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असा प्रोग्राम अडवायची सोय तिनं स्वतःच करून ठेवली होती. एका वाक्यात सांगून झालं असतं. पण त्या घरात कौतुक तोंडावर करायची पद्धत नव्हती. तिच्या कामाबद्दल नाना गल्लीभर बोलत, तिच्यासमोर कधीच नाही. तीही त्यांचीच लेक.

"नाही दिसत," ती म्हणाली.

"असू दे," नाना म्हणाले आणि शेंगा खाऊ लागले.

सोमवारी ती बसनं जालन्याला परतली. मंगळवारी सकाळी दात घासून नाना ओट्यावर टेकले आणि बसल्या जागीच गेले.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. आई म्हणाली, "ते वेबसाइटचं बंद करून टाक. कोणी वाचतच न्हाई तर कशाला ठिवायचं?"

अर्पितानं दोन्ही आकडे पुन्हा उघडले. रविवारी तिनं ते सहज समजावून सांगितले होते. आता त्यांतला एकही कामाचा वाटेना. नानांचं लिहिणं खरंच कोणापर्यंत पोचलं का, एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढंच त्यांत नव्हतं.

दुपारी दारात एक गृहस्थ आले, हातात मोसंबीची पिशवी. राजूरचे हाशिमभाई, रोपांची नर्सरीवाले. घरात त्यांना कोणीच ओळखत नव्हतं.

"खबर लई उशिरा कळली, ताई. दोन बुधवार नवीन पान आलं न्हाई, तवाच वाटलं, सरांना काय तरी झालं. मंग इचारत इचारत आलो."

"तुम्ही वाचता?" अर्पितानं विचारलं.

"बराबर दर बुधवारी. आमच्याकडं खाली रेंज बिलकुल न्हाई. वर देवळापाशी जातो, तिथं पान उघडतो, अन् तसंच उघडं घेऊन खाली चहाच्या टपरीवर येतो. मी मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात. बाकडं भरलेलं असतं. मधी कोणाचा फोन आला तर उचलत न्हाई. पान गेलं तर परत कोण चढणार?"

आईच्या हातातलं तांब्याभांडं तसंच राहिलं. अर्पिताच्या मनात आलं, त्या अख्ख्या बाकड्याचा मिळून एक हाशिम, आणि तोही मुंबईचा.

ते गेल्यावर आईनं विचारलं, "मंग खरा आकडा कोणता गं?"

"कोणताच नाही. एकात यंत्रं जास्त, एकात माणसं कमी. वेबसाइट राहू दे, आई."

"राहू दे मंग." आई पिशवीतल्या मोसंब्या परातीत काढू लागली. "पण जालन्याचं कोणी न्हाई, हे त्यांना लागलंच होतं. तू गेलीस त्या रात्री जेवताना बी तेच म्हणाले."

नानांची खुर्ची ओसरीतच होती. अर्पिता तिच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"होतं, नाना," ती मोठ्यानं म्हणाली. "जालन्याची मी होते. दर बुधवारी, ऑफिसचं शटर ओढायच्या आधी. एकही पान सोडलं नाही. फार चांगलं लिहीत होता तुम्ही."